नव्या मोटरसायकलमधले बदल : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

नवी मोटरसायकल घेतल्यावर तिच्यात सोयीसाठी किंवा हौसेसाठी बदल कसे करावेत, त्यांतले कोणते घरी जमतात आणि कोणते गॅरेजवर सोपवावेत, अशी विचारणा करणारी बरीच पत्रे या वेळी आली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझी नवी मोटरसायकल लवकरच ताब्यात येईल. उंच हँडल, वेगळा सायलेन्सर, नवी सीट, जादा दिवे आणि मागे रुंद टायर अशी यादी मी तयार ठेवली आहे. विक्रेता म्हणतो, सगळे एकदमच बसवून घ्या, म्हणजे गाडी तयार होऊनच हातात येईल. तसे करावे का?

उत्तर : करू नये. गाडी चालवण्यापूर्वी केलेली यादी बहुतेक वेळा छायाचित्रे पाहून झालेली असते. ती गाडी आपल्या शरीराला कोठे अडणार आहे, याचा त्या यादीत पत्ता नसतो. नव्या गाडीची पहिली सर्व्हिसिंग साधारणपणे ५०० ते १,००० किलोमीटरच्या दरम्यान असते. निदान तेवढे अंतर गाडी कारखान्यातून आली तशीच चालवावी आणि प्रत्येक लांब फेरीनंतर काय दुखले, काय खटकले, हे लिहून ठेवावे. मनगटे दुखणे, गुडघे आखडणे, थांबताना पाय न टेकणे, रात्री वळणावर पुढचे न दिसणे अशा तक्रारींतून जी यादी तयार होते, ती आजच्या यादीपेक्षा वेगळी आणि बहुधा आखूड असते. शिवाय गाडीत मुळातलाच एखादा दोष असेल, तर तो याच काळात उघड होतो. एका दमात पाच बदल केलेल्या गाडीला थरथर सुटली, तर ती कारखान्याची की नव्या हँडलची, हे ना आपल्याला सांगता येत, ना विक्रेत्याला. वॉरंटीचे वाद नेमके तेथेच सुरू होतात.

या काळात एकही सुटा भाग न आणता करण्यासारखे पुष्कळ असते. क्लच आणि ब्रेक यांचे लिव्हर हँडलवर ढिले करून फिरवता येतात. नेहमीच्या बैठकीत कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत राहील, असा त्यांचा कल ठेवावा. गिअरचे पेडल बुटाच्या जाडीप्रमाणे वर-खाली करता येते. मागच्या ब्रेकच्या पेडलची उंचीही बदलता येते, मात्र ती बदलल्यावर ब्रेकचा दिवा योग्य वेळी लागतो ना, हे पुन्हा जुळवावे लागते.

सगळ्यांत दुर्लक्षित राहते ते सस्पेन्शन. गाडी मधल्या स्टँडवर किंवा आधारावर उचलून मागचे चाक अधांतरी असताना आसापासून सरळ वर सीटखालच्या एखाद्या स्थिर खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. मग नेहमीच्या कपड्यांत गाडीवर बसून तेच अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्यावे. रस्त्यावर चालवायच्या बहुतेक गाड्यांना हा फरक ३० ते ३५ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाएवढा असला, तर ठीक समजतात. फरक त्याहून फार जास्त असेल तर प्रीलोड (स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब) वाढवावा, कमी असेल तर घटवावा. प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होते, हा समज मात्र बरोबर नाही. स्प्रिंग तीच राहते, फक्त गाडी बसण्याची उंची बदलते. ‘सीट टणक आहे’ म्हणून आलेल्या कितीतरी तक्रारींचे मूळ सीटमध्ये नसून या न मोजलेल्या अंतरात असते.

प्रश्न : पाठीला बाक येतो म्हणून मी घरीच हँडलखाली उंचवटे बसवून ते वर घेतले. बैठक उत्तम झाली, पण आता हँडल डावीकडे पूर्ण वळवले की इंजिनाचा वेग आपोआप वाढतो आणि क्लच जड लागतो. काय बिघडले असावे?

उत्तर : बिघडले काही नाही, केबली अपुऱ्या पडल्या आहेत. तरीही त्या दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये, कारण कमी वेगात वळताना आपोआप रेस वाढणे हे पडण्याचे हमखास निमित्त आहे. हँडल जेवढे वर किंवा मागे येते, तेवढीच लांबी थ्रॉटलच्या केबलीला, क्लचच्या केबलीला, पुढच्या ब्रेकच्या होजला आणि दोन्ही बाजूंच्या स्विचांच्या वायरींना जादा लागते. कारखान्यात या सर्वांना थोडी ढील ठेवलेली असते, आणि २० ते ३० मिलिमीटरपर्यंतचा उंचवटा अनेक गाड्यांत त्या ढिलीत सामावून जातो. त्यापुढे मात्र केबली बदलाव्या लागतात.

आधी पेट्रोलची टाकी उतरवून केबलींचा मार्ग पाहावा. पुष्कळदा लांबी पुरेशी असते, पण केबल फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या) चुकीच्या बाजूने गेलेली असते किंवा एखाद्या क्लिपमध्ये अडकलेली असते. मार्ग बदलून भागले, तर उत्तमच. न भागल्यास लांब केबली घ्याव्यात. केबलीच्या टोकाची समायोजने संपेपर्यंत फिरवून वेळ मारून नेऊ नये. ब्रेकच्या होजबाबत तर तडजोड अजिबात नको. हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून, पुढचे चाक उचलून फोर्क पूर्ण लांब सुटलेला असतानाही होज कोठे ताणला जात नाही, हे पाहावे. जमिनीवर उभ्या गाडीत फोर्क थोडा दबलेला असतो, त्यामुळे तेथे ठीक वाटणारा होज खड्ड्यात ताणला जाऊ शकतो. होज बदलायचा झाल्यास तो जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचे वॉशर नवे टाकावेत, ब्रेक ऑइल त्याच्याच डबीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचे वापरावे आणि हवा पूर्ण काढावी. हे काम आपण पूर्वी केलेले नसेल, तर गॅरेजकडेच द्यावे.

पुढे संपूर्ण हँडलच बदलायचे मनात असेल, तर दोन गोष्टी आधी पाहाव्यात. मुठीच्या जागी बहुतेक हँडलांचा व्यास २२.२ मिलिमीटर असतो, पण मध्यभागी जेथे ते क्लँपमध्ये बसते, तेथे तो २२.२ असू शकतो, २५.४ किंवा २८.६ सुद्धा असू शकतो. ‘सगळ्या गाड्यांना बसते’ असे सांगून विकलेले हँडल येथेच अडते. दुसरे म्हणजे स्विचांच्या डब्यात आतून एक बारीकशी खुंटी असते आणि ती हँडलच्या भोकात बसते, म्हणून स्विच जागचा फिरत नाही. नव्या हँडलला हे भोक अनेकदा नसते. काही जण खुंटीच कापून टाकतात. मग इंडिकेटर देताना सगळा डबाच हातात फिरतो. मोजून योग्य जागी भोक पाडणे हाच खरा मार्ग आहे, आणि ते काम ड्रिलवर हात बसलेल्या माणसाकडून करून घ्यावे.

प्रश्न : माझी उंची कमी आहे. थांबल्यावर फक्त चवडे टेकतात. गॅरेजवाले मागच्या सस्पेन्शनची लिंक (शॉकअब्सॉर्बरला जोडणारी पट्टी) बदलून गाडी खाली घेण्याचा सल्ला देतात. तो मानावा का?

उत्तर : आधी सीटकडे पाहावे. पाय टेकण्यात सीटच्या उंचीइतकाच तिच्या पुढच्या भागाच्या रुंदीचाही वाटा असतो. मांड्या जेवढ्या फाकतात, तेवढी पायांची लांबी वाया जाते. चांगला सीट कारागीर फोम पुढच्या बाजूने निमुळता करून आणि थोडा उतरवून मोठा फरक पाडू शकतो, आणि गाडीच्या वागण्याला त्याने धक्काही लागत नाही. फोम नुसता कापून पातळ करणे मात्र टाळावे, नाहीतर तासाभरात सीटचा तळ जाणवू लागतो. उतरवलेल्या जागी अधिक घट्ट प्रतीचा फोम लागतो. मूळ सीट न कापता शक्य असल्यास दुसरा सीटबेस घेऊन त्यावर काम करवून घ्यावे.

लिंक बदलल्यास गाडीची मागची बाजूच खाली येते, त्यामुळे फोर्कचा कल वाढतो आणि हँडल जड, आळशी वाटू लागते. ते सावरण्यासाठी फोर्कच्या नळ्याही क्लँपमधून थोड्या वर सरकवाव्या लागतात, आणि ते करताना पूर्ण दबलेल्या अवस्थेत पुढचे मडगार्ड वर आपटत नाही, याची खात्री करावी लागते. त्यातही एक बारीक गोष्ट हमखास विसरली जाते: साइड स्टँड पूर्वीइतकाच लांब राहतो. गाडी मग त्यावर जवळजवळ उभी राहते आणि थोड्याशा धक्क्याने किंवा वाऱ्याने उलट्या बाजूला पडते. स्टँड आखूड करून घेणे हा त्या कामाचाच भाग समजावा आणि गॅरेजशी बोलतानाच तो ठरवून घ्यावा.

प्रश्न : जादा दिवे, मोबाइल चार्जर आणि एलईडी इंडिकेटर मला स्वतः बसवायचे आहेत. वायरिंगची थोडीफार माहिती आहे. कोणती काळजी घ्यावी? चार्जर बसवल्यापासून मित्राच्या गाडीची बॅटरी आठवड्याभरात उतरते, ते का?

उत्तर : वायरिंग हा घरी करायच्या बदलांतला सर्वांत उपयोगी आणि सर्वांत जास्त बिघडवला जाणारा भाग आहे. बिघाड त्या दिवशी दिसत नाही. पहिल्या पावसाळ्यात दिसतो, आणि तोवर कोणत्या जोडाने दगा दिला, हे शोधण्यासाठी अर्धी गाडी खोलावी लागते.

सुरुवात हिशेबाने करावी. ४० वॉटचे दोन दिवे म्हणजे ८० वॉट; १२ व्होल्टच्या गाडीत ते साधारण पावणेसात अँपिअर ओढतात. एवढा प्रवाह हँडलवरच्या नाजूक स्विचमधून नेणे चूक आहे. त्यासाठी रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, लागतो. दिव्यांचा प्रवाह बॅटरीपासून फ्यूजमार्गे थेट रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला आणि तेथून ८७ क्रमांकावरून दिव्यांना जातो. स्विच फक्त ८५ आणि ८६ या टोकांमधल्या गुंडाळीला चालू-बंद करतो, आणि तिला अगदी थोडा प्रवाह पुरतो. या दिव्यांना १० अँपिअरचा फ्यूज योग्य ठरेल, आणि तो बॅटरीच्या धन टोकाला जेवढा जवळ, तेवढा चांगला. फ्यूज असतो तो वायरीच्या रक्षणासाठी. तो दिव्याजवळ लावला, तर बॅटरीपासून तेथपर्यंतची सगळी वायर संरक्षणाशिवायच राहते. वारंवार फ्यूज जातो म्हणून मोठा फ्यूज घालणाऱ्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की, पुढच्या वेळी वितळेल ती वायर असेल, आणि ती टाकीखालून जाते.

मित्राच्या बॅटरीचे कारण बहुधा सरळ आहे: चार्जर थेट बॅटरीला जोडलेला असणार. मोबाइल लावलेला नसतानाही चार्जरमधला सर्किटचा तुकडा थोडा प्रवाह पीत राहतो. समजा, तो २० मिलिअँपिअर घेतो. दिवसाला ते जवळजवळ अर्धा अँपिअर-तास होते. ८ अँपिअर-तासांची बॅटरी त्या हिशेबाने आठवड्याभरात अर्धी रिकामी होते, आणि अर्ध्या बॅटरीवर सेल्फ मारेलच, याचा भरवसा नसतो. चार्जरची वायर चावी बंद केल्यावर मरणाऱ्या लाइनवर, रिलेमार्फत घ्यावी, म्हणजे प्रश्न मिटतो. गाडीच्या मागावर राहणारे ट्रॅकर बसवणाऱ्यांनाही हेच लागू पडते, फक्त ते चावीवर जोडता येत नाहीत; तेव्हा गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर चार्ज करण्याची सोय ठेवावी.

एलईडी इंडिकेटर लावल्यावर ते वेड्यासारखे भराभर लुकलुकतात, ही तक्रारही अनेक पत्रांत आहे. जुन्या पद्धतीचा फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) बल्बांच्या भारावर आपली गती ठरवतो. २१ वॉटचा बल्ब काढून तेथे एक-दोन वॉटचा एलईडी लावला की फ्लॅशरला वाटते, एक बल्ब गेला आहे. यावर रोधक लावण्याचा उपाय सांगितला जातो, पण तो रोधक चटका बसेल इतका तापतो आणि प्लॅस्टिकच्या शेपटीत गुंडाळून ठेवल्यास ते वितळवतो. एलईडीसाठीचा फ्लॅशर घेणे हा अधिक नीट मार्ग. मात्र अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत स्वतंत्र फ्लॅशर नसतोच. इंडिकेटर संगणकाकडून चालवले जातात. अशा गाडीत वायर कापण्यापूर्वी अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे विचारावे, कारण तेथे चुकीच्या वायरीवर घेतलेला जोड मीटरवर भलताच दिवा पेटवू शकतो.

जोडांविषयी माझे मत ठाम आहे. मूळ वायर न कापता तिला नुसती टोचून वीज घेणाऱ्या प्लॅस्टिकच्या चिमट्या मोटरसायकलला चालत नाहीत. त्या वायरीचे तंतू तोडतात आणि पाणी आत घेतात. दोन वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळण्याबद्दल न लिहिलेलेच बरे. योग्य मापाचे टर्मिनल, ते दाबणारी खरी पक्कड, वर हीट श्रिंकची नळी आणि शक्यतो गाडीच्या मूळ जोडांशी जुळणारे पाणीरोधक कनेक्टर वापरावेत, म्हणजे उद्या दिवे काढायचे ठरले तर ते नुसते उपसून घेता येतील. काम सुरू करताना बॅटरीचे ऋण टोक आधी सोडावे आणि शेवटी जोडावे. हँडलभोवतीच्या वायरी बांधण्यापूर्वी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. सगळे झाल्यावर इंजिन ३,००० ते ४,००० आरपीएमवर ठेवून, सर्व दिवे लावून बॅटरीवर व्होल्टेज मोजावे. ते साधारण १३.५ ते १४.५ च्या दरम्यान असेल, तर गाडीचा अल्टरनेटर हा जादा भार पेलतो आहे.

प्रश्न : दुसरा सायलेन्सर बसवल्याने ताकद खरोखर वाढते का?

उत्तर : फक्त मागचा डबा बदलल्याने वाढणारी ताकद जाणवण्याइतकी क्वचितच असते. वजन मात्र कमी होऊ शकते, काही गाड्यांत लक्षात येईल इतके. संपूर्ण एक्झॉस्ट बदलल्यास हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण पुन्हा बसवावे लागते. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजनचा सेन्सर हे प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास राखण्याचा प्रयत्न करतो, पण तो सगळ्या परिस्थितींत काम करत नाही. जोराने रेस दिल्यावर संगणक आपल्या ठरलेल्या तक्त्यावर चालतो, आणि तो तक्ता जुन्या सायलेन्सरसाठी लिहिलेला असतो. रेस सोडल्यावर फटफट आवाज येणे, इंजिन जास्त तापणे ही त्याची लक्षणे. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणे बहुतेक देशांत बेकायदेशीर आहे, आणि तसे नसते तरी मी त्याची शिफारस केली नसती. आवाजाबद्दल म्हणाल तर तो चालवणाऱ्याला काही दिवस आवडतो. शेजाऱ्यांना पहिल्या दिवशीही आवडत नाही.

प्रश्न : मागचा टायर १४०/७०-१७ आहे. त्या जागी १५०/६०-१७ बसवावा म्हणतो. पिकअप वाढावा म्हणून चेनचे पुढचे स्प्रॉकेटही एका दाताने लहान करणार आहे. यात तोटा काय?

उत्तर : टायर रुंद दिसेल, पण लहान होईल. मापातला पहिला आकडा मिलिमीटरमधल्या रुंदीचा, आणि दुसरा टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के आहे त्याचा; तेव्हा ही उंची जुन्याची ९८ मिलिमीटर आणि नव्याची ९० मिलिमीटर. चाकाचा एकूण व्यास १६ मिलिमीटरने घटतो आणि मागची बाजू ८ मिलिमीटर खाली येते. चाकाचा घेर अडीच टक्क्यांनी कमी होत असल्याने, वेग मागच्या चाकावरून किंवा गिअरबॉक्सवरून मोजणाऱ्या गाडीत वेगाचा काटा तेवढा पुढे पळतो. एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरत फिरू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाड्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या गतीची तुलना करत असतात, त्यांचाही हिशेब थोडा सरकतो. शिवाय रिम तीच राहिली, तर तिच्यावर रुंद टायर चिमटला जातो, त्याचा माथा टोकदार होतो आणि गाडी वळणात विचित्र झुकते. टायर उत्पादक प्रत्येक मापासाठी रिमची चालणारी रुंदी देतात. ती, भारांक (टायर किती वजन पेलतो) आणि वेगाचे अक्षर (तो किती वेगापर्यंत चालतो) या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच विचार करावा. माझा सल्ला त्याच मापाचा, पण चांगल्या प्रतीचा टायर घेण्याचा आहे. त्याने होणारा फरक रुंदीने होणाऱ्या फरकापेक्षा जास्त असतो, फक्त तो पार्किंगमध्ये दिसत नाही.

स्प्रॉकेटचा बदल त्या मानाने समजूतदार आहे, कारण तो उलटवता येतो. पुढे १५ आणि मागे ४५ दात असतील, तर गुणोत्तर ३ आहे; पुढे १४ केल्यास ते ३.२१ होते. म्हणजे त्याच आरपीएमला जेथे गाडी ताशी १०० किलोमीटर जात होती, तेथे आता ९३ च्या आसपास जाईल. सुटण्यात जोर येतो. मोठ्या रस्त्यावर इंजिन जास्त फिरते आणि पेट्रोल वाढते. मागे तीन दात वाढवूनही जवळपास तेवढाच फरक पडतो, पण मग चेन बहुधा लांब घ्यावी लागते. आपल्या दोन्ही बदलांची दिशा एकच आहे: टायर लहान केल्याने त्याच आरपीएमला गाडी आधीच अडीच टक्क्यांनी हळू जाणार आहे. दोन्ही एकदम केले, तर नको तितके होईल. फक्त स्प्रॉकेट बदलून पाहावे.

प्रश्न : नवी गाडी घेऊन एका गॅरेजकडून तिला कॅफे रेसरचे रूप देण्याचा विचार आहे. मागची फ्रेम कापून आखूड करायची, खाली झुकलेले हँडल, नवा रंग. गॅरेजवाले म्हणतात, ‘सगळे आमच्यावर सोडा.’ गॅरेज कसे पारखावे?

उत्तर : हे रूप ज्या चालकांमुळे प्रसिद्ध झाले, ते १९५० आणि १९६० च्या दशकांत इंग्लंडमध्ये रस्त्याकाठच्या कॅफेंमध्ये जमत. लंडनचा १९३८ साली सुरू झालेला एस कॅफे त्यांतला सर्वांत नावाजलेला. वेग वाढावा म्हणून त्यांनी अनावश्यक वजन उतरवले, हँडल खाली घेतले आणि कित्येकांनी नॉर्टनच्या चांगल्या वळणाऱ्या फ्रेममध्ये ट्रायम्फचे इंजिन बसवून ‘ट्रायटन’ तयार केल्या. त्यांची प्रत्येक काटछाट कशासाठी तरी होती. आजच्या कित्येक कॅफे रेसर फक्त दिसायला तशा असतात: सीट म्हणजे फळी, हँडल मनगटे मोडणारे, आणि मागे मडगार्ड नसल्याने पावसात चिखलाची रेघ थेट पाठीवर. आपल्याला गाडी रोज चालवायची आहे की अधूनमधून, हे आधी स्वतःला विचारावे. रोज चालवायची असेल, तर नव्या गाडीची फ्रेम कापू नये, असेच मी म्हणेन. मागची फ्रेम सहप्रवाशाचे वजन पेलते, अनेक गाड्यांत मागच्या शॉकअब्सॉर्बरचे वरचे टोक तिच्याच आसपास बसते, आणि एकदा कापलेली फ्रेम गाडी विकताना लपत नाही. बोल्टने सुटणारी मागची फ्रेम असलेल्या गाड्याही मिळतात. तेथे मूळ भाग काढून जपून ठेवता येतो.

तरीही ठरलेच असेल, तर ‘सगळे आमच्यावर सोडा’ म्हणणाऱ्यावर काहीच सोडू नये. चांगले गॅरेज उलट आपल्यालाच प्रश्न विचारते: वजन किती, मागे कोणी बसते का, किती लांब जाता, जुने भाग ठेवायचे का. त्यांनी नुकत्याच रंगवून उभ्या केलेल्या गाड्या पाहून भुलू नये. वर्ष-दोन वर्षे चाललेली त्यांच्या हातची एखादी गाडी दाखवायला सांगावी आणि तिची सीट उचलून वायरिंग पाहावे. रंग सगळ्यांनाच चांगला जमतो, सीटखाली मात्र गॅरेजचा खरा स्वभाव कळतो. वेल्डिंग कोण करतो, ते काम बाहेर जाते का, आणि वायरिंगचा आराखडा कागदावर मिळेल का, हे विचारावे. काय करायचे, कोणते भाग, किती दिवसांत, चाचणी कोण घेणार आणि काय बिघडल्यास कोण निस्तरणार, हे सगळे लिहून घ्यावे. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि प्रत्येक टप्प्यावर जाऊन गाडी पाहावी.

कोणतेही काम सुरू होण्यापूर्वी नोंदणीचे आणि विम्याचे नियम वाचावेत. फ्रेम, इंजिन, रंग, दिव्यांची जागा, नंबरप्लेटचा कोन यांविषयी प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत, आणि विमा कंपनीला न कळवलेला मोठा बदल अपघातानंतर अडचणीचा ठरू शकतो.

रंगाबद्दल थोडक्यात. नव्या गाडीचा मूळ रंग खरवडण्यापेक्षा व्हिनाइल रॅप लावावा. तो काढता येतो आणि खालचा रंग राखतो. टाकीच्या झाकणाभोवती पेट्रोल सांडून तो सुटतो, तेवढी जागा सोडून लावावा. हार्डनर घालून केलेला स्प्रे घरी करू नये. त्यातल्या आयसोसायनेटमुळे श्वसनाचा कायमचा विकार जडू शकतो आणि कापडी मास्क त्याला रोखत नाही. सुट्या धातूच्या भागांना पावडर कोटिंग टिकाऊ असते, पण ते भाग १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले जातात, म्हणून बेअरिंग आणि रबरी सील आधी काढलेले असावेत. आटे आणि बेअरिंग बसण्याच्या जागा झाकल्या आहेत ना, हे स्वतः पाहावे, नाहीतर जुळणीच्या वेळी तो थर खरवडत बसावे लागते.

प्रश्न : मागे मोठी डिकी आणि दोन्ही बाजूंना पेट्या लावायच्या आहेत. फिटिंग घट्ट असले की झाले ना?

उत्तर : नाही. गाडीच्या पुस्तिकेत एकूण अनुज्ञेय वजन दिलेले असते. त्यातून पेट्रोलसह गाडीचे वजन वजा करावे. समजा, ३६० मधून १९० गेले तर १७० किलो उरले. त्यांत चालक ७५, मागचा ६५, दोघांचे हेल्मेट, बूट आणि जॅकेट मिळून १०, पेट्या, रॅक आणि क्रॅश गार्ड मिळून २०. सामान ठेवायला काही उरलेच नाही. मागची डिकी तर आसाच्याही मागे आणि उंच असते. तिच्यातल्या वजनाने पुढचे चाक हलके होते आणि वेगात गाडी डुलू लागते. जड सामान बाजूच्या पेट्यांत खाली, दोन्हीकडे सारखे. डिकीत रेनकोट आणि हातमोजे.

प्रश्न : घरी काम करण्यासाठी कोणती हत्यारे घ्यावीत, आणि काढलेले मूळ भाग ठेवावेत की विकावेत?

उत्तर : पहिला खर्च टॉर्क पान्यावर, म्हणजे ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणाऱ्या पान्यावर, करावा. हाताच्या अंदाजाने ६ मिलिमीटरचा बोल्ट हमखास जास्त आवळला जातो. त्याला बहुतेक ठिकाणी १० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतात, ८ मिलिमीटरच्या बोल्टला २२ ते २५. पुस्तिकेत निराळा आकडा असेल, तर तोच प्रमाण मानावा. ॲल्युमिनिअममधले आटे एकदा गेले की पाच मिनिटांचे काम दोन दिवसांवर जाते. थरथर सोसणाऱ्या बोल्टांना निळे थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा द्रव) पुरते. लाल लावल्यास पुढे बोल्ट तापवल्याशिवाय सुटत नाही. जपानी गाड्यांवर जे फुलीचे स्क्रू असतात, ते नेहमीच्या फिलिप्स पेचकसाने घासले जातात, त्यासाठी जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, टोकाचा पेचकस घ्यावा. यामाहाच्या अनेक गाड्यांत उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, तेव्हा तो सुटत नसेल तर जोर लावण्याआधी दुसऱ्या दिशेने फिरवून पाहावा.

मूळ भाग ठेवावेत. प्रत्येक भागासोबत त्याचेच बोल्ट आणि वॉशर एका पिशवीत घालून वर चिठ्ठी लावावी, खोलण्यापूर्वी काढलेली छायाचित्रे त्या नावाने जतन करावीत. सायलेन्सरची दोन्ही तोंडे कापडाने बंद करून तो कोरड्या जागी ठेवावा. वॉरंटीचे काम निघाले, तपासणीत काही अडले किंवा गाडी विकायची वेळ आली, तर हेच भाग मागितले जातात. आणि घेणाऱ्याला आपल्या आवडीचे हँडल आवडेलच असे नाही.